‘आमच्या काळातले अल्बम भारी होते’ असं प्रत्येक पिढी का म्हणते?

सप्टेंबर २०२२ मध्ये टी-सीरिजने नेहा कक्करच्या आवाजातलं ‘ओ सजना’ हे गाणं युट्यूबवर आणलं. संगीत तनिष्क बागचीचं. जुनं गाणं उचलायचं, त्याला नवे बीट लावायचे आणि बाजारात सोडायचं, यात तोपर्यंत नवीन काही उरलं नव्हतं. पण यावेळी हात घातला होता तो फाल्गुनी पाठकच्या १९९९ सालच्या ‘मैंने पायल है छनकाई’ला.

आणि मग जो राडा झाला, तो बघण्यासारखा होता.

एरवी ऑफिस, ईएमआय आणि पोरांच्या शाळेच्या फीमध्ये अडकलेली तिशी-पस्तिशीतली मंडळी अचानक मैदानात उतरली. ‘आमच्या बालपणाची वाट लावली’ इथपासून ‘निदान हे गाणं तरी सोडा’ इथपर्यंत कमेंट पडायला लागल्या. लोक मूळ व्हिडिओतला तो बाहुल्यांचा खेळ, विवान भटेना आणि निखिला पलाट यांची जोडी आठवून हळहळत होते. स्वतः फाल्गुनीने चाहत्यांच्या रागाच्या पोस्ट आपल्या इन्स्टाग्राम स्टोरीवर टाकल्या. तिकडून नेहानेही उत्तर दिलं. पुढे काही दिवसांतच दोघी ‘इंडियन आयडॉल’च्या मंचावर एकत्र दिसल्या, तेव्हा आणखी एक वाद पेटला की हे भांडण खरं होतं का ठरवून केलेलं.

गंमत म्हणजे याच नेहा आणि तनिष्कने २०१९ मध्ये फाल्गुनीचंच ‘याद पिया की आने लगी’ नव्याने केलं होतं. तेव्हाही कुरकुर झाली, पण असा भडका उडाला नव्हता.

आता शांत डोक्याने विचार केला तर प्रश्न पडतो. मूळ गाणं कुणी पुसून टाकलेलं नाही. ते युट्यूबवर जसंच्या तसं आहे, हवं तेव्हा ऐकता येतं. मग दुसऱ्या कुणीतरी ते गायलं म्हणून घरातली वस्तू चोरीला गेल्यासारखं का वाटतं? आणि ‘आमच्या वेळचे अल्बम ते अल्बम’ हे वाक्य चाळिशीतल्यापासून विशीतल्यापर्यंत सगळेच इतक्या ठामपणे कसं म्हणतात?

यात थोडा आपल्या मेंदूचा खेळ आहे, थोडा कॅसेटचा आणि बराचसा मालकी हक्काचा.

आधी तो काळ समजून घेऊ

आपल्याकडे गाणं म्हणजे सिनेमाचं गाणं, हे समीकरण फार जुनं. मराठीत भावगीतं, अभंग, लोकगीतं, कोळीगीतं यांची वेगळी वाट होती, पण हिंदीत सिनेमाशिवाय गाणं चालवायचं म्हणजे अवघड काम. त्याला पहिला मोठा धक्का दिला पाकिस्तानच्या नाझिया हसनने. १९८१ साली आलेला तिचा ‘डिस्को दिवाने’ हा अल्बम भारतातही तुफान चालला. त्यामागे होता बिद्दू, म्हणजे बंगळुरूहून लंडनला जाऊन नाव कमावलेला संगीतकार.

याच बिद्दूने १९९५ मध्ये अलिशा चिनॉयसोबत ‘मेड इन इंडिया’ केला. खोक्यातून बाहेर येणारा मिलिंद सोमण आठवत असेल तर तुमचं वय काय, हे वेगळं सांगायला नको. त्याच वर्षी दलेर मेहंदीचा ‘बोलो तारारा’ आला. १९९६ मध्ये लकी अलीचा ‘सुनोह’ आणि हरिहरन-लेस्ली लुईस यांचा ‘कलोनियल कझिन्स’, १९९७ मध्ये रहमानचा ‘वंदे मातरम’, १९९८ मध्ये युफोरियाचा ‘धूम’ आणि सिल्क रूटचा ‘बूंदें’, १९९९ मध्ये केकेचा ‘पल’. चार-पाच वर्षांत रांगच लागली.

हे सगळं एकदम कसं घडलं? तर केबल आली होती. चॅनल व्ही १९९४ मध्ये भारतात सुरू झालं, एमटीव्हीचं भारतीय चॅनल १९९६ मध्ये. चोवीस तास गाणी दाखवायची तर तेवढे व्हिडिओ हवेत. सिनेमाची गाणी त्या भुकेला पुरणार नव्हती. दुसरीकडे हातात कॅसेट होती, जी स्वस्तात बनत होती आणि तालुक्याच्या बसस्टँडवरसुद्धा मिळत होती. म्हणजे गाण्याला चेहरा मिळाला टीव्हीवर आणि घर मिळालं टेपरेकॉर्डरमध्ये.

ही कॅसेट नीट समजून घ्यायला हवी, कारण निम्मं उत्तर तिच्यात आहे.

कॅसेट घेणं हा खर्च होता. महिन्याला एखादी यायची, तीही खाऊचे पैसे साठवून किंवा दादा-ताईच्या मागे लागून. ज्यांना तेही परवडायचं नाही ते कोरी कॅसेट घेऊन दुकानात जायचे आणि चिठ्ठीवर गाण्यांची यादी देऊन ती भरून घ्यायचे. घरी आल्यावर आतलं कव्हर उलगडून गीतकार, संगीतकार, वादक, सगळी नावं वाचून काढायची. टेप गुंतली की पेन्सिल घालून फिरवायची. आणि मुख्य म्हणजे गाणं आवडलं नाही तरी पुढे जायचा कंटाळा यायचा, कारण फॉरवर्ड करताना नेमकं कुठे थांबायचं ते कळायचं नाही. त्यामुळे ‘ए’ बाजूचं तिसरं, जरा रटाळ वाटणारं गाणंही पन्नास वेळा कानावरून जायचं. एक्कावन्नाव्या वेळी ते आवडायला लागायचं.

याला मानसशास्त्रात नाव आहे. रॉबर्ट झायोन्क या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये मांडलं की एखादी गोष्ट वारंवार समोर आली की केवळ त्या ओळखीमुळेच ती आपल्याला आवडायला लागते. कॅसेटने आख्ख्या पिढीवर हा प्रयोग केला, तोही गिऱ्हाइकाच्याच पैशाने.

मग चौदाव्या वर्षी नेमकं काय होतं?

मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर या दोन अमेरिकन संशोधकांनी १९८९ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या वयाच्या लोकांना १९३२ ते १९८६ या काळातल्या गाण्यांचे तुकडे ऐकवले आणि कोणतं किती आवडलं ते विचारलं. लोकांची सर्वाधिक पसंती होती ती आपण साधारण २३-२४ वर्षांचे असताना गाजलेल्या गाण्यांना. त्याआधीची आणि नंतरची गाणी उतरत्या क्रमाने कमी आवडत होती.

पुढे स्ट्रीमिंग आलं आणि लोक काय सांगतात यापेक्षा प्रत्यक्षात काय ऐकतात, हे बघणं शक्य झालं. सेथ स्टीफन्स-डेव्हिडोविट्झ या डेटा अभ्यासकाने २०१८ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये स्पॉटिफायच्या आकड्यांवरून लेख लिहिला. त्यात हे वय आणखी खाली आलं. मोठेपणीच्या आवडीवर सगळ्यात जास्त छाप पडते ती मुलांच्या बाबतीत साधारण चौदाव्या आणि मुलींच्या बाबतीत तेराव्या वर्षी बाजारात आलेल्या गाण्यांची. त्याने दिलेलं उदाहरण रेडिओहेड या बँडच्या ‘क्रीप’चं. हे १९९३ मध्ये गाजलेलं गाणं २०१८ मध्ये सर्वात जास्त चालत होतं ते ३८ वर्षांच्या पुरुषांमध्ये. वजाबाकी करून बघा.

दोन्ही अभ्यासांत वयाचा आकडा वेगळा आहे, पण बोट एकाच दिशेला आहे. दहा ते तिशीच्या दरम्यानच्या आठवणी माणसाला आयुष्यभर जास्त ठळकपणे आठवतात. पहिल्यांदा घराबाहेर राहणं, पहिलं प्रेम, पहिली नापास व्हायची भीती, हे सगळं त्याच काळात घडतं. ‘मी कोण’ हे ठरत असतं. अशा वेळी मागे जे गाणं वाजत असतं, ते त्या आठवणीला चिकटून बसतं. म्हणजे गाणं आवडतं का ते ऐकणारा तेव्हाचा आपण आवडतो, हे वेगळं काढणंच अवघड होऊन जातं.

तुम्ही म्हणाल, मग आत्ताच्या विशीतल्या पोरापोरींना किशोर कुमार आणि लकी अली का आवडतात? ते तर तेव्हा जन्मलेही नव्हते.

याचंही उत्तर आहे. कॅरोल क्रमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी २०१३ मध्ये विशीतल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना १९५५ पासूनची हिट गाणी ऐकवली. मुलांना स्वतःच्या काळाची गाणी जवळची वाटली हे ओघानेच आलं. पण मध्येच १९८० च्या आसपासच्या गाण्यांनाही भरभरून दाद मिळाली, म्हणजे त्यांचे आईवडील तरुण होते तेव्हाच्या. आणि त्याहून मागे १९६० च्या दशकातल्या गाण्यांनाही, म्हणजे बहुधा आजी-आजोबांच्या घरातून आलेल्या. गाडीत वडिलांनी लावलेली कॅसेट पोरांच्या डोक्यात घर करते, एवढं सोपं आहे ते.

नोव्हेंबर २०२० मध्ये गोव्यातल्या हरमलमध्ये लकी अली गिटार घेऊन ‘ओ सनम’ गातानाचा व्हिडिओ नफिसा अलीने टाकला होता, तो लॉकडाऊनने वैतागलेल्या देशभर फिरला. तो शेअर करणाऱ्यांमध्ये १९९६ नंतर जन्मलेलेही भरपूर होते, ते यामुळेच.

जाता जाता एक. ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने तयार केला, तो आजाराचं नाव म्हणून. घरापासून दूर गेलेल्यांना होणारी घरच्या ओढीची व्याधी, असा त्याचा अर्थ. मराठीत मात्र आपण त्याला ‘स्मरणरंजन’ म्हणतो. तिकडच्या शब्दात वेदना आहे, आपल्याकडे थेट मनोरंजन. कमेंट सेक्शन बघितला तर होफर जास्त बरोबर वाटतो.

पण मग तेव्हाच्या मोठ्यांना काय वाटत होतं?

इथे खरी मजा आहे. ज्या काळाला आज सुवर्णकाळ म्हणतात, त्या काळात घरातली मोठी माणसं या गाण्यांना काय म्हणत होती हे आठवून बघा. ‘हे काय संगीत आहे का?’ ‘नुसता धांगडधिंगा.’ ‘आमच्या वेळी मदन मोहन होते.’

सगळ्यात बोलकं उदाहरण ‘कांटा लगा’चं. मूळ गाणं १९७२ च्या ‘समाधी’ सिनेमातलं, लता मंगेशकरांचं, संगीत आर. डी. बर्मन यांचं. २००२ मध्ये टी-सीरिजने त्याचा रिमिक्स आणला आणि व्हिडिओमधली शेफाली जरीवाला एका रात्रीत देशभर ओळखीची झाली. तेव्हा या रिमिक्सवर काय टीका झाली! अश्लील आहे, जुन्या गाण्याचा खून आहे, संस्कृती बुडाली. बहुतेक घरांत ते गाणं लागलं की चॅनल बदललं जायचं.

जून २०२५ मध्ये शेफालीचं अवघ्या ४२ व्या वर्षी निधन झालं. त्या दिवशी सोशल मीडियावर हळहळणारे लोक काय लिहीत होते? आमचं बालपण संपलं. आणि ते खोटं अजिबात नव्हतं. २००२ मध्ये जे तेरा-चौदा वर्षांचे होते, त्यांच्यासाठी तो रिमिक्स हेच मूळ गाणं होतं. १९७२ चं गाणं त्यांनी नंतर ऐकलं, आणि काहींनी तर कधीच नाही.

तीच गोष्ट सोनू निगमची. टी-सीरिजच्या ‘रफी की यादें’ कॅसेटमधून रफींची गाणी त्याने पुन्हा गायली. नव्वदच्या दशकात अनेक घरांत रफी पोहोचले ते सोनूच्या आवाजात. म्हणजे काहींची अस्सल आठवण ही मुळात दुसऱ्याच्या गाण्याची नक्कल आहे. ‘ओ सजना’वर चिडलेल्यांपैकी कितीजण त्या नकलांवर वाढले असतील, याचा हिशोब कुणी मांडत नाही.

आणखी एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. नव्वदच्या दशकात आलेल्या अल्बमचा मोठा ढीग अगदी टुकार होता. ते आज कुणाला आठवत नाहीत, म्हणून तो काळ भारी वाटतो. आजचं संगीत मात्र आपण गाळणीशिवाय ऐकतो, चांगलं आणि टुकार एकत्र. ही तुलनाच मुळात एकतर्फी आहे.

‘आमच्या काळातले’ म्हणजे नक्की कुणाच्या?

सोशल मीडियावर ‘नाइन्टीज किड्स’ची यादी निघाली की त्यात ठरलेली नावं असतात. अलिशा, लकी अली, शान, फाल्गुनी. मराठी यादी असेल तर मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा ‘गारवा’ हमखास, मग ‘सांज गारवा’, नंतर वैशाली सामंतचं ‘ऐका दाजिबा’ आणि संदीप खरे-सलील कुलकर्णी यांचं २००३ मध्ये सुरू झालेलं ‘आयुष्यावर बोलू काही’. ‘गारवा’ची गंमत अशी की गाण्याआधी सौमित्र यांच्या आवाजात कविता यायची. ती कविता आणि ते गाणं जोडीनेच लक्षात राहिलं. शफलवर ऐकणाऱ्याला ही जोडी तुटलेलीच सापडते. तरी दर जूनमध्ये पहिला पाऊस पडला की ‘गारवा’ स्टेटसवर येतोच.

पण महाराष्ट्रात कॅसेटचा जो खरा धंदा झाला, त्यातलं बरंच या याद्यांमध्ये दिसत नाही. आनंद शिंदे यांचं ‘नवीन पोपट हा’ कुठल्या लग्नात वाजलं नाही? प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलाची गाणी आजही पहाटे देवळांच्या भोंग्यावर लागतात. वेसावकर आणि मंडळींची कोळीगीतं हळदीला लागल्याशिवाय अंगात येत नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर भीमगीतांच्या कॅसेट ढिगाने विकल्या जायच्या, लोक गावी जाताना पुस्तकांसोबत त्या घेऊन जायचे.

पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाने १९९३ मध्ये ‘कॅसेट कल्चर’ नावाचं पुस्तक लिहिलं, ते उत्तर भारतातल्या कॅसेटच्या धंद्यावर. रेकॉर्डच्या जमान्यात एकाच बड्या कंपनीचा दबदबा होता आणि काय छापायचं ते मूठभर लोक ठरवायचे. कॅसेटने ती मक्तेदारी मोडली आणि छोट्या गावांचे, छोट्या समाजांचे आवाज बाजारात आले, असं त्याने सविस्तर मांडलंय. म्हणजे नव्वदच्या संगीताची सगळ्यात मोठी क्रांती बहुधा मिलिंद सोमणच्या खोक्यात नव्हती, ती एसटी स्टँडवरच्या टपरीत होती. ज्यांचं तारुण्य त्या टपरीवरच्या गाण्यांत गेलं, त्यांची याद्या बनवणाऱ्यांत गणती कमी, एवढंच.

काहीतरी खरंच गेलंय का?

हो, गेलंय. सगळंच वयाचे खेळ म्हणून उडवून लावणंही बरोबर नाही.

अल्बम नावाची गोष्ट गेली. आठ-दहा गाणी, त्यांचा क्रम, दोन बाजू, एकच मूड, हे सगळं आता गायकालाही करावंसं वाटत नाही, कारण लोक एकेक गाणं ऐकतात, आणि त्यातलेही रीलवरचे तीस सेकंद. २०२१ मध्ये अडेल या ब्रिटिश गायिकेने नवा अल्बम आणताना स्पॉटिफायला विनंती केली की अल्बम उघडल्यावर गाणी आपोआप उलटसुलट वाजू नयेत, आम्ही क्रम विचार करून लावलेला असतो. स्पॉटिफायने ते ऐकलं. पण त्यासाठी अडेल असावं लागतं.

आपल्याकडे तर सिनेमाबाहेरचा हा धंदाच बसला. एमपी३ आली, एका सीडीत दीडशे गाणी फुकटात मिळायला लागली. म्युझिक चॅनल गाणी सोडून रिॲलिटी शोकडे वळली. कंपन्यांना नव्या गायकावर व्हिडिओचा खर्च करण्यापेक्षा सिनेमाची गाणी घेणं परवडायला लागलं, कारण तिथे जाहिरातीचा खर्च निर्माता करतो. अल्बमचे गायक पार्श्वगायक झाले. केके, शान हे त्यातले नशीबवान.

आणि म्हणूनच आज कंपन्यांना नवं गाणं रुजवण्यापेक्षा जुनं उकरणं स्वस्त पडतं. तुमच्या डोक्यात ते आधीच रुजलेलं आहे. ती मेहनत १९९९ मध्ये फुकटात झालीय.

मग फाल्गुनीने केस का नाही केली?

तिला हे विचारलं गेलं होतं. कारवाई करायला आवडलं असतं, पण हक्क माझ्याकडे नाहीत, असं तिचं उत्तर होतं.

आपल्याला वाटतं गाणं गायकाचं. कायद्यात तसं नसतं. एका गाण्यात शब्दांचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा आणि ध्वनिमुद्रणाचा वेगळा. ध्वनिमुद्रण ज्याने पैसे घालून केलं त्याचं, म्हणजे बहुतेक वेळा कंपनीचं. त्या काळात करार करताना शब्द आणि चालही अनेकदा कंपनीच्या नावे लिहून दिली जायची. अशा करारानंतर रिमेक करायचा का, कुणी गायचा, कसा करायचा, हे ठरवताना मूळ गायिकेला फोन करायचीही गरज उरत नाही.

२०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. आधी गाणं निघाल्यावर दोन वर्षांनी, ठरावीक रक्कम भरून कुणालाही त्याची नवी आवृत्ती काढण्याची वाट मोकळी होती. दुरुस्तीनंतर ती मुदत पाच वर्षं झाली, किमान ५० हजार प्रतींची रॉयल्टी आगाऊ द्यायची अट आली आणि परवानगीशिवाय मूळ रचनेत बदल करायला मनाई झाली. गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतला आपला वाटा कंपनीला लिहून देता येणार नाही, असंही ठरलं. गायकांचाही रॉयल्टीवरचा हक्क मान्य झाला. पण ज्याच्याकडे सगळे हक्क आहेत त्याने स्वतःच रिमेक करायचा किंवा दुसऱ्याला करू द्यायचा ठरवला, तर तो त्याच्या अखत्यारीतला विषय राहतो.

अमेरिकेत टेलर स्विफ्टने यावर वेगळी शक्कल लढवली. २०१९ मध्ये तिच्या पहिल्या सहा अल्बमचे हक्क तिला नको असलेल्या माणसाच्या हाती गेले, तर तिने २०२१ पासून ते अल्बम एकेक करून पुन्हा गायला सुरुवात केली. चाहत्यांनी जुने सोडून नवे ऐकायला घेतले. मे २०२५ मध्ये तिने मूळ ध्वनिमुद्रणंही विकत घेतली. चाहत्यांच्या आठवणींची ताकद वापरून हक्क परत मिळवल्याचं हे बहुधा सगळ्यात मोठं उदाहरण. नव्वदच्या दशकातल्या आपल्या किती गायकांकडे तेवढा पैसा आणि वकील असतील, हा प्रश्न आहेच.

भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्ध झाल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९९९ चं ‘मैंने पायल है छनकाई’चं मूळ ध्वनिमुद्रण १ जानेवारी २०६० ला सगळ्यांसाठी खुलं होईल. शब्द आणि चालीचा हक्क त्यानंतरही चालू राहू शकतो, कारण तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो. १९९९ मध्ये तेरा वर्षांची असलेली, गरब्यात त्या गाण्यावर नाचलेली मुलगी तोवर सत्तरी ओलांडून गेलेली असेल.